दाजींचे ब्रेक आणि तोरणमाळचा घाट

दिवाळीनंतर नंदुरबारला उतरलं की गाव दिसायच्या आधी शिंक येते. माळावर लाल सतरंज्या अंथरल्यासारख्या मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. शिंकत शिंकत शहाद्याला ताईकडे पोचलो, तर आम्हाला तोरणमाळला नेणारी गाडी अंगणात मागची दोन्ही चाकं काढून ओंडक्यांवर बसलेली. पुढच्या चाकांना विटांची उटी. खालून दाजींचा आवाज आला, "घाट आहे, शालकबुवा! मागच्या डिस्क झिजून कड आलीय. मजुरीच्या पैशात वरचा मुक्काम निघतो."

बॉनेट उघडलं की दोघं जमतात. चाक काढलं की गल्ली जमते. गंजून बसलेल्या डिस्कवर हातोडा पडला, तसे शेजारचे आप्पा दाराशी आले. "काय व्हयनं, भाऊ?" डिस्क सुटली. नव्या डिस्कला कारखान्यातूनच तेलाचा हात असतो, तो दाजींनी पेट्रोलने पुसला. अस्तंब्याचा अश्वत्थामा जखमेसाठी तेल मागत याच सातपुड्यात हिंडतो म्हणतात. त्याने जरूर मागावं, पण ब्रेकच्या पॅडला थेंबही चालत नाही.

खरी लढाई पिस्टनशी. सुताराचा शिकंजा लावून दाजींनी जोर केला, मग आप्पांनी, मग गल्लीने. पिस्टन ढिम्म. उसाच्या ट्रॉलीवरचा एक पोरगा रस्त्यावरूनच ओरडला, "फिरवा ना!" बरोबर होतं त्याचं. पुढचा पिस्टन नुसता दाबला की आत जातो. या गाडीत मागच्याला हँडब्रेक जोडलेला, आत आटे, म्हणून तो दाबता दाबता फिरवावा लागतो. नोज प्लायर लावला आणि पिस्टन निमूट आत गेला. त्याबरोबर आदल्या दिवशी काठोकाठ भरलेलं ब्रेक ऑइल टाकीतून बाहेर आलं. ते रंग खातं, म्हणून ताईने बादली ओतली. निम्मी गाडीवर, निम्मी दाजींवर.

चाकं चढली. दाजींनी ब्रेक दाबला, पेडल थेट तळाला! ताईने मुलांना गाडीतून उतरवलं. पिस्टन मागे ढकलल्यावर असं होणारच; पाच-सहा वेळा पंप मारला की पॅड डिस्कला टेकतात आणि पेडल कडक होतं. झालंही. मुलं परत चढली, ताईचा चेहरा मात्र खालीच राहिला.

म्हसावद, राणीपूर, काळापाणी करत सातपायरी घाट चढलो. चढताना ब्रेकचं काम नसतं, त्यामुळे दाजी गात होते. वर यशवंत तलाव, सीताखाई, साडेतीन हजार फुटांहून उंच गार वारा. ताईला त्यातलं काही दिसलं नाही, ती उतार मोजत होती.

परतताना दाजींनी दुसरा गिअर टाकला तो पायथ्यापर्यंत काढला नाही. इंजिन घुरघुरत होतं, वळणं येत होती, पाय मात्र ब्रेकवर जेमतेम. मी न राहवून म्हणालो, "दाजी, ब्रेक लावा की जरा!"

"नवे आहेत हो," दाजी म्हणाले, "कशाला झिजवायचे?"