धक्क्याची बेटं, होडीची बेटं

क्रूझकर काकांच्या लेखी जगातली बेटं दोनच जातींची: धक्क्याची आणि होडीची. धक्क्याच्या बेटाला जहाज थेट काठाला लागतं. आपण भरपेट नाश्ता करून चालत उतरतो आणि जेवायला चालत परत येतो. होडीच्या बेटाला मात्र जहाज लांब पाण्यात उभं राहतं, नंबराचा स्टिकर छातीवर लावून ताटकळत बसावं लागतं आणि मग एक होडी हेलकावे देत किनाऱ्यावर नेऊन सोडते. ज्वालामुखी, प्रवाळ, इतिहास वगैरे किरकोळ फरक त्यानंतर. ऱ्होड्स थोर, कारण जहाजातून उतरलं की समोरच मध्ययुगीन तटबंदी. सँटोरिनीचं नाव काढलं की मात्र आठ्या. "होडीचं आहे हो ते."

काकांचं खरं आडनाव आता फक्त लाइटबिलावर उरलंय. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सिंगापूरहून एक छोटी क्रूझ केली, तेव्हापासून सोसायटीने हे नवं आडनाव लावलं ते लावलंच. केबिन नेहमी आतली, बिनखिडकीची. "समुद्र डेकवर फुकट दिसतो. झोपेत कोण बघतंय?" जहाजावर पाऊल ठेवलं की काका आधी बुफेत जाऊन कर्मचाऱ्यांच्या छातीवरच्या पाट्या वाचत हिंडतात. गोव्याचे तारवटी पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर आहेत, त्यामुळे एखादा सापडतोच. "तूं खंयचो रे?" एवढीच काकांची कोकणी, पण ती पुरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काकूंच्या पुढ्यात वरणभात येतो आणि काका आसपासच्या टेबलांकडे असे बघतात, जणू जहाज त्यांनीच बांधलंय.

सँटोरिनीवरचा त्यांचा राग मात्र अगदीच बिनबुडाचा नाही. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथला ज्वालामुखी फुटला, बेटाचा मधला भाग समुद्रात गेला आणि कडा तेवढी उरली. पाणी इतकं खोल की मोठ्या जहाजांना नांगर टाकायची सोय नाही. वरच्या फिरा गावात जायला एक रोपवे, नाहीतर गाढवं, नाहीतर पाचशेऐंशीच्या वर पायऱ्या. गर्दी इतकी की दिवसाला आठ हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा घालावी लागली. काका रोपवेच्या रांगेत वर जायला उभे राहिले, वर पोचल्यावर निळ्या घुमटाचा एक फोटो काढला आणि खाली यायच्या रांगेत लागले. घुमटापुढे काकूंचा फोटो मागणाऱ्यांना त्यांचं उत्तर ठरलेलं: "ती रांगेत जागा धरून होती."

त्यांचं सगळ्यात लाडकं बेट बहामातलं कोकोके. एका क्रूझ कंपनीने ते आपल्या प्रवाशांसाठी ठेवलंय. धक्का आहे, घसरगुंड्या आहेत, जेवण तिकिटातच, आणि गाव नाही. "इतिहासच नाही, म्हणजे गाइड नको. गाइड नाही, म्हणजे टीप नाही." स्थानिक संस्कृतीचा मुक्त अभ्यास झाला असं म्हणत त्यांनी तिथे दुपारभर आरामखुर्चीत झोप काढली.

याच माणसाने फॉकलंडला थंडगार वारा खात पेंग्विन पाहिले, हेही सांगायला हवं. तिथल्या यॉर्क बेच्या वाळूत 1982च्या युद्धातले सुरुंग होते. ते अगदी अलीकडे, 2020 साली साफ झाले. मधल्या काळात माणसांना कुंपणाबाहेर थांबावं लागे, पेंग्विन मात्र आत खुशाल बागडत, कारण सुरुंग फुटायला पुरेसं वजन त्यांच्या अंगात नव्हतं. गाइडने हे सांगताच काकांचा हात नकळत पोटावर गेला. काकू म्हणाल्या, "अहो, बघा. पहिल्या दिवसापासून सांगतेय, तिसरा डोसा नको."

ही क्रूझकर जमात जमिनीवर असते तेव्हा घड्याळात असते. जहाज किती वाजता सुटणार, हे त्यांना बेटाच्या नावाआधी पाठ. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतःच्या टॅक्सीने गेलात तर तुमचं नशीब तुमच्यापाशी. काका अर्थातच स्वतःच्या टॅक्सीने जातात, कारण ती स्वस्त. मॉरिशसला पोर्ट लुईच्या बंदरात असाच एक टॅक्सीवाला भेटला. काका-काकूंचं भाड्यावरून आपसात चाललेलं ऐकून तो मराठीतच म्हणाला, "आजी, जास्त नाही घेणार." काकू जागच्या जागी थिजल्या, थोड्या 'आजी'मुळेही. त्याचे पूर्वज कोकणातून आलेले. त्याने शाळेत मराठी घेतलेली, गणेश चतुर्थीला बेटावर सार्वजनिक सुट्टी असते हे तो अभिमानाने सांगत होता. त्याने गाडी नेली बंदरालगतच्या आप्रवासी घाटावर. 1834 पासून करारावर आणलेले साडेचार लाखांहून जास्त मजूर या बेटावर उतरले, त्यातले बहुतेक हिंदुस्थानातले. दगडी पायऱ्या अजून आहेत, सोळा. सँटोरिनीनंतर काकांना सोळा पायऱ्या म्हणजे पर्वणीच, त्यामुळे ते दोनदा चढले.

"त्यांना परत जायचं असेल ना?" काकूंनी विचारलं.

"काही गेले. आमचा पणजोबा नाही गेला. ऊस तोडत राहिला."

काकांनी घड्याळ पाहिलं. "आपलं साडेपाचला सुटतं हो."

टॅक्सीवाला हसला म्हणे, आणि त्याने त्यांना पाचलाच धक्क्यावर सोडलं. भाडं घेतलं ते मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण घेतलं. काकांच्या मते मराठी माणूस असल्याचा हा सज्जड पुरावा.

पण खरी परीक्षा झाली ती सामोआत, आणि ती काकूंची. पागो पागो अमेरिकन सामोआत, आपिया स्वतंत्र सामोआत. माणसं तीच, भाषा तीच, मध्ये फक्त एका रात्रीचा प्रवास. एकीकडे डॉलर, दुसरीकडे टाला. 2011 साली स्वतंत्र सामोआने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी वार जुळवायला 30 डिसेंबर हा दिवसच गाळला आणि तारीखरेषेच्या पलीकडे उडी मारली. आता दोन्ही बेटांच्या घड्याळांचे काटे तेच, वार मात्र वेगळा. त्या जहाजावर लिफ्टमधल्या गालिच्यावर रोज वार लिहिलेला असायचा. काकू झोपल्या तेव्हा तिथे मंगळवार होता. सकाळी नाश्त्याला निघाल्या तर पायाखाली गुरुवार.

"अहो, बुधवार कुठाय?"

"गेला."

"गेला म्हणजे? बुधवारी संकष्टी आहे!"

काकूंच्या पर्समधलं कालनिर्णय निघालं. त्यात निरनिराळ्या गावांच्या चंद्रोदयाच्या वेळा होत्या, पण आपियाची नव्हती. रिसेप्शनवरच्या फिलिपिनो मुलीने 'हरवले-सापडले'चं रजिस्टर उघडलं, कारण काका तिला "आमचा बुधवार हरवला" एवढंच इंग्रजीत सांगू शकले होते. काकांचा हिशेब बँकेचा: दिवसच आला नाही, तर उपासाची रक्कम माफ. काकूंनी तो जागीच फेटाळला. "वार गाळला असेल त्यांनी. चंद्र कसा गाळतील?"

दिवसभर त्या आपियात उपाशी हिंडल्या. काकांनी बाजारात नारळाच्या दुधातलं काहीतरी मागितलं, मग काकूंकडे बघून नको म्हणाले, मग काकू दुकानात शिरल्यावर पुन्हा मागितलं. रात्री डेकवर ढग. गोव्याचा तो तारवटी स्वयंपाकघर बंद व्हायच्या आत एक ताट झाकून ठेवून गेला. काका दर पाच मिनिटांनी पूर्वेला बघत होते, कोणी पाहिलं असतं तर भक्तच म्हटलं असतं. शेवटी ढगांच्या फटीतून चंद्र निघाला, काकूंनी हात जोडले आणि ताट उघडलं. काका तासाभरापूर्वीच जेवले होते, पण बायकोने एकटीने जेवावं हे काही बरं दिसत नाही, म्हणून त्यांनीही एक प्लेट मागवली.