काका, कुठाय अंगठी?

सिनेमाचा शेवट आधीच ओळखायची मला खोड आहे. घरचे तिला रोग म्हणतात. मध्यंतराच्या आत "हा भाऊ निघणार बघ" किंवा "सासराच चोर आहे" असं मी शेजारच्याच्या कानात सांगून टाकतो, आणि दुर्दैवाने ते बहुधा खरं निघतं. त्यामुळे माझ्याबरोबर सिनेमाला यायला कुणी तयार नसतं. बायको आलीच, तर दुसऱ्या रांगेतलं तिकीट मागते.

म्हणूनच डिसेंबर 2021 मध्ये भाच्याने 'स्पायडरमॅन: नो वे होम'ला चल म्हटलं तेव्हा मी हुरळून गेलो. कारण कळल्यावर जरा उतरलो. ज्या मित्राबरोबर तो जाणार होता त्याला सर्दी झाली होती, आणि त्या दिवसांत शिंकणाऱ्या माणसाला घरातलेसुद्धा ताट दारातून सरकवत. तिकीट वाया जाऊ नये म्हणून मामा. "पण एक अट," भाचा म्हणाला, "शेवट सांगायचा नाही. तसा सांगितलास तरी ऐकू येणार नाही म्हणा. आपल्यामध्ये एक खुर्ची रिकामी आहे." महाराष्ट्रात तेव्हा थिएटरं निम्म्याच खुर्च्यांवर चालत होती. करोना गेला तरी ही सोय माझ्या शेजारच्यांसाठी कायम ठेवावी, असं भाच्याचं मत होतं.

सिनेमा आपल्याकडे अमेरिकेच्या एक दिवस आधी, 16 तारखेच्या गुरुवारी लागला. दोन्ही डोसांचं प्रमाणपत्र दाखवून पहिल्याच दिवशी आत गेलो. कॉलेजची सगळी पोरं तिथे होती, म्हणजे कॉलेजात त्या दिवशी कोण होतं हा प्रश्नच. माझं स्पायडरमॅनचं ज्ञान 2002 च्या टोबी मग्वायरपाशी थांबलेलं. पुढे नोकरी, कर्जाचे हप्ते आणि रक्तदाब यांत मी गुंतलो, तेवढ्यात स्पायडरमॅन दोनदा बदलला. आता तो टॉम हॉलंड होता. माझ्या भाच्यापेक्षा कोवळा दिसत होता.

नाकावर माझा चष्मा, त्याच्यावर थ्रीडीचा चष्मा, खाली मास्क. श्वास सोडला की आतली काच धुकटायची, पुसायला हात घातला की बाहेरचा चष्मा मांडीवर पडायचा. पहिली पंधरा मिनिटं मी न्यूयॉर्क पाहिलं ते महाबळेश्वरच्या पावसाळ्यासारखं.

कथा मात्र लगेच कळली, कारण ती प्रवेशाची होती. पीटर पार्कर हाच स्पायडरमॅन आहे हे जगजाहीर झालेलं. त्या बोभाट्यापायी त्याला, त्याच्या एमजेला आणि नेड नावाच्या मित्राला एमआयटीने प्रवेश नाकारला. एमआयटी म्हटल्याबरोबर मागच्या रांगेतून कुणीतरी "कोथरूडची?" असं विचारलं आणि अख्खं थिएटर हसलं. प्रवेशफेऱ्यांनी नुकताच गांजलेला माझा भाचा हसला नाही. पीटर डॉक्टर स्ट्रेंज या मांत्रिकाकडे जातो: मी कोण हे जगाला विसरायला लावा. आणि मंत्र चालू असताना मध्ये मध्ये बोलतो. एमजेला आठवू दे. नेडलाही. मावशीलाही राहू दे. पंगतीत वाढप्याला "भात नको, बरं थोडा वाढा, त्यावर वरण मात्र असू द्या" म्हणणाऱ्या पाहुण्यासारखं त्याचं चाललेलं. मंत्र फिसकटतो आणि दुसऱ्या विश्वांतले खलनायक या विश्वात येऊन पडतात. मग स्ट्रेंजला कळतं की या मुलाने एमआयटीला एकदा विनंतीसुद्धा करून पाहिलेली नाही. थेट विश्वाचाच दरवाजा मोडला. पुढच्या रांगेतल्या एका बाई कळवळून म्हणाल्या, "अहो, पालक नाहीत ना मागे!"

मग शिट्ट्या सुरू झाल्या. आधी अँड्र्यू गारफिल्ड आला. कागद उडाले, पोरं खुर्च्यांवर चढली. मला त्याची ओळख नव्हती, तरी मी टाळ्या वाजवल्या. आणि मग साध्या कपड्यांत माझा टोबी आला. वय झालेलं. त्याची पाठ आखडलेली असते आणि गारफिल्ड ती कडाकड मोडून देतो. महाशक्तिमान माणसाला कंबरदुखी! इतक्या वर्षांत पडद्यावर पहिल्यांदा माझा प्रश्न कुणी मांडला होता. मी शिट्टी मारली. मास्कमधून. ती बाहेर न जाता चष्म्यावर गेली.

रडारडही झाली. मे मावशी मरते तेव्हा मागच्या कॉलेजच्या मुलींचे नाक ओढण्याचे आवाज आले, आणि त्या काळात तो आवाज आला की लोक आधी दचकत आणि मग दुःखी होत. पडणाऱ्या एमजेला गारफिल्डने हवेत झेलली तेव्हा तर मुली धाय मोकलून रडल्या. 2014 च्या सिनेमात त्याला आपली ग्वेन अशीच वाचवता आली नव्हती, हे भाच्याने खुर्चीपलीकडून सांगितलं. मीही गलबललो. पण ही सगळी रड पचली. थोड्या वेळाने सगळे पुन्हा शिट्ट्या मारायला मोकळे.

खरा घोळ शेवटी. विश्व वाचवायचं तर एकच उपाय उरतो: पीटर पार्कर नावाचा कुणी होता हेच सगळ्यांनी विसरायचं. एमजेनेही. निरोपाच्या वेळी ती त्याच्याकडून वचन घेते, मला येऊन शोध, सगळं सांग. पीटर हो म्हणतो. तिथे माझ्या डोक्यात दिवा लागला. मी रिकाम्या खुर्चीवर आडवा झालो आणि भाच्याच्या कानाशी पोचलो. "शाकुंतल!"

"काय?"

"दुर्वासाचा शाप रे. दुष्यंत शकुंतलेला विसरतो. मैत्रिणी हातापाया पडतात तेव्हा दुर्वास सवलत देतो, खुणेची वस्तू दिसली की आठवेल. खुणेची अंगठी. ती नदीत पडते, मासा गिळतो, कोळ्याला सापडते, राजापुढे येते आणि राजाला आठवतं. इथेही अंगठी येणार. लिहून ठेव."

"मामा, अट."

मी गप्प बसलो. पण आता मी सिनेमा बघत नव्हतो, अंगठी शोधत होतो.

बर्फ पडतोय. पीटर डोनटच्या दुकानात शिरतो. हातात कागद. तिला काय सांगायचं ते लिहून आणलंय, कारण तोंडाने नीट जमणार नाही हे त्याला माहीत आहे. काउंटरवर एमजे. ती त्याच्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघते. तो कॉफी मागतो. थिएटरात चिडीचूप. मागच्या मुलींपैकी एक दबक्या आवाजात, "अरे बोल ना!" आणि तेवढ्यात माझ्या काचेवरचं धुकं नेमकं विरलं आणि मला तिच्या गळ्यात ते दिसलं. काळं काचेचं फूल, तुटकं. आधीच्या सिनेमात पीटरने तिच्यासाठी व्हेनिसमधून घेतलेलं हे भाच्यानेच वाटेत मला शिकवलं होतं. ती विसरली, पण ते गळ्यात आहे!

मी उभा राहिलो. उभा राहायचं ठरवलं नव्हतं, पण कंबर त्या दिवशी फारच साथ देत होती. "अंगठी!" माझा आवाज मास्कमधूनही शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "तिच्या गळ्यात बघा! आता आठवणार!"

पुढच्या रांगेतल्या बाई वळल्या. भाचा खुर्चीत इतका खाली सरकला की ती खुर्चीही रिकामी दिसायला लागली. मी हात वर करून, भविष्य खरं होण्याची वाट बघत उभा.

पीटरला तिच्या कपाळावरची पट्टी दिसते. लढाईत लागलेलं. ती सहज म्हणते, आता दुखत नाही. नेड येतो, दोघांना एमआयटीत प्रवेश मिळालेला आहे. पीटर तो कागद खिशात घालतो, कॉफी घेतो आणि निघून जातो.

थिएटरभर एक लांब "अरेऽऽ" उमटलं. त्याच्या पाठोपाठ, अगदी शांतपणे, मागून आवाज आला, "काका, कुठाय अंगठी?"

अख्खं सभागृह खदखदलं. दिग्दर्शक जॉन वॉट्सने जी हळहळ सव्वादोन तास राबून जमवली होती, ती मी एका हाकेत उधळून लावली.

श्रेयनामावली सुरू झाली तरी कुणी उठेना. पोरं मागाहून येणाऱ्या दृश्यांसाठी बसली होती, मी अंगठीसाठी. एक दृश्य आलं, त्यात मेक्सिकोतल्या बारमध्ये काळ्या गोळ्याचा एक थेंब मागे राहतो. शेवटी आली ती डॉक्टर स्ट्रेंजच्या पुढच्या सिनेमाची जाहिरात. मग फवारणीचा पंप घेऊन सफाईवाले आत आले आणि त्यांनी माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं.

जिन्यात एक वेगळाच सिनेमा चालू होता. कॉलेजच्या मुली पीटरवर खवळल्या होत्या: वचन दिलं होतं ना, मग कागद खिशात का? तिने काय करायचं ते तिने ठरवलं असतं, हा कोण तिच्या वतीने ठरवणारा? एक मुलगा त्याची बाजू लढवत होता: मावशी गेली, आता हिलाही गमवायची का? स्पायडरमॅनच्या वेषात आलेलं एक पोरगं वडिलांना विचारत होतं की आता त्याला जेवायला कोण देणार. वडिलांना वेगळीच चिंता. पीटर शेवटी भाड्याच्या खोलीत जातो आणि मालक भाडं एक तारखेला देण्याची तंबी देतो, ते त्यांनी नेमकं टिपलं होतं. "याला कुणी ओळखत नाही. मग डिपॉझिट कुठून आणलं? करारावर साक्षीदार कोण?" यावर जिन्यातल्या सगळ्या पन्नाशीच्या माणसांनी गंभीरपणे माना हलवल्या.

मला वाटतं, गोड शेवट असता तर आम्ही थेट पार्किंगमध्ये गेलो असतो. पीटर मेला असता तर रडून मोकळे झालो असतो. मावशी गेली तेव्हा कुणी जिन्यात भांडलं नाही. मरणापुढे इलाज नसतो हे सगळ्यांना समजतं. पण इथे इलाज खिशात होता, चार ओळींचा कागद. तो वाचला नाही, म्हणून आमच्यातला प्रत्येक जण तो कागद काढून आपापल्या परीने वाचायला निघाला. मुलींना त्यात प्रेम दिसलं, पोराला जेवण, वडिलांना भाडेकरार. मला कालिदास दिसला, यात माझं काय चुकलं? आपल्या जुन्या नाटकांत राजाला आठवतंच. बायको-मुलगा मिळतात, शेवटी सगळ्यांच्या कल्याणाचं भरतवाक्य म्हणतात, आणि मग प्रेक्षक जेवायला जातो. निदान एक मासा तरी मार्व्हलला परवडायला हवा होता.

घरी भाच्याने ताईला सगळं साग्रसंगीत करून दाखवलं, मी हात वर करून कसा उभा होतो त्यासकट. ताई हसून हसून दमली आणि म्हणाली, "तू चुकलास हे एकदा मान की."

का मानू? 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं. नाटक सात अंकांचं, पण पहिल्या प्रयोगात झाले चारच. म्हणजे दुर्वासाचा शाप बसला, शकुंतला सासरी निघाली, आणि पडदा. दुष्यंत तिला ओळखतो की नाही, हे पुणेकरांना त्या प्रयोगात दिसलंच नाही. अंगठी तेव्हा शकुंतलेच्या बोटातच होती, ती अजून हरवायची होती. 'नो वे होम'चाही तेवढाच, चौथा अंक झालेला आहे. पुढच्या सिनेमाचं नाव 'ब्रँड न्यू डे' आणि तारीख 31 जुलै 2026 जाहीर झाली, त्या दिवशी मी हे सगळं भाच्याला मुद्देसूद लिहून पाठवलं.

त्याने उत्तरात नुसता अंगठा पाठवला. अंगठीपर्यंत येईल हळूहळू.