डबल बेल

विमानात चढताना दारापाशी वैमानिक दिसला की त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या मोजायची मला खोड आहे. चार सोनेरी पट्ट्या म्हणजे कॅप्टन, तीन म्हणजे फर्स्ट ऑफिसर. हा थाट जहाजांवरून उचललेला. कॅप्टन डावीकडे बसतो, फर्स्ट ऑफिसर उजवीकडे. पण विमान दोघे आलटूनपालटून चालवतात. जाताना एकाच्या हाती विमान, दुसऱ्याकडे रेडिओ आणि पहिल्यावर नजर, येताना उलट. म्हणजे तुम्हाला पुण्यात अलगद उतरवणारा तीन पट्ट्यांचा असू शकतो, पण विमानाला काही झालं तर जाब चार पट्ट्यांना. आमच्या कचेरीत पद्धत जरा वेगळी आहे. काम खालच्याचं, सही साहेबांची, आणि अंगाशी आलं की जाब पुन्हा खालच्यालाच.

साहेबी कॉकपिटमध्येही होतीच. २७ मार्च १९७७ला तेनेरिफ बेटावर दाट धुकं होतं. केएलएम या विमान कंपनीच्या जम्बोचा कॅप्टन म्हणजे कंपनीचा नामांकित प्रशिक्षक. जाहिरातीत फोटो झळकलेला. शेजारच्या फर्स्ट ऑफिसरची जम्बोची परीक्षा त्यानेच दोनेक महिन्यांपूर्वी घेतलेली. उड्डाणाची परवानगी यायची होती, तरी विमान धावपट्टीवर सुटलं. समोरचं पॅन अ‍ॅमचं विमान बाजूला झालंय ना, अशी शंका मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने काढली. झालंय, असं कॅप्टनने ठासून सांगितलं. पुन्हा विचारायची कुणाची छाती झाली नाही. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली.

मग १९७९ साली अमेरिकेत नासाने या विषयावर कार्यशाळा भरवली. तेव्हापासून वैमानिकांना रीतसर शिकवतात: धाकट्याने बोलावं, थोरल्याने ऐकावं. त्यासाठी वर्ग, परीक्षा आणि एक भारदस्त इंग्रजी नाव.

आता आपली लाल एसटी घ्या. स्टिअरिंग ड्रायव्हरच्या हातात, पण कंडक्टरने दोरी दोनदा ओढून टिणटिण केल्याशिवाय गाडी हलत नाही. ड्रायव्हर निवृत्तीला टेकलेला असो आणि कंडक्टर कालचा पोरगा, आजीबाईंचं गाठोडं आत आलं की नाही हे पोरगाच ठरवणार. ड्रायव्हर फार तर आरशातून डोळे वटारेल. दोघांच्याही खांद्यावर सोनेरी पट्टी नाही.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर धावली. तिच्यातही कंडक्टर होता.