मांडीवरचं आरक्षण

नागपूरहून भद्रावतीला निघालो तेव्हा गाडीत चार माणसं होती आणि एक सिंहासन. लेकीने तीन वर्षांच्या चिरंजीवासाठी आणलेली ही कार सीट मागच्या बाकावर बसवायला मला पाऊण तास लागला. पट्टा कुठून घालायचा याची पुस्तिका सात भाषांत होती. मराठी आठवी असावी.

भद्रावती म्हणजे हिचं माहेर. त्यामुळे बुटीबोरी ओलांडली आणि हिची बोलीही माहेरी पोचली. “काऊन वं, माही मांडी मोडली का?”

गाडी चालवता चालवता लेकीने हिशोब मांडला. ताशी 50 किलोमीटरच्या वेगात गाडी कशावर आदळली, तर 13 किलोचं पोर धरून ठेवायला चारशे किलोंच्या घरातला जोर लागतो.

“चारशे म्हंजे किती पोते?”

“पन्नासची आठ.”

“धानाचं पोतं उचललं हाय मी.”

“एक ना, आई?”

तोडगा म्हणून मी नातवाला पुढे माझ्या मांडीवर सुचवला. लेकीने आरशातून नाही, थेट माझ्याकडे पाहिलं. समोरची एअरबॅग मोठ्यांच्या छातीच्या मापाने, फटाक्यासारखी उघडते. तिच्यासमोर लेकरू धरायचं नसतं. मी खिडकीतून कपाशी पाहू लागलो.

वरोऱ्याच्या अलीकडे एका मोटारसायकलने आम्हाला मागे टाकलं. टाकीवर एक पोट्टं, मध्ये एक, मागे आईच्या कडेला एक. टाकीवरचं पोट्टं म्हणजे त्या गाडीची पुढची काच. चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, डोक्यावर हेल्मेट आणि वेग 40च्या आत, हा नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. त्या कुटुंबात हेल्मेट एकच होतं, आणि तेही हँडलला लटकलेलं.

भद्रनागाच्या देवळापाशी उतरलो, तर शेजारी काळी-पिवळी रिकामी होत होती. ‘होत होती’ असंच म्हणावं लागेल, कारण ते काम बराच वेळ चाललं. मोठी अठरा मी मोजली. लेकरं कुणी मोजत नाही. डब्यात लाडू भरल्यावर फटींत चिवडा सारतात, तशी ती भरलेली असतात. शेवटी ड्रायव्हरच्या उजव्या हाताला बसलेला पॅसेंजर उतरला आणि मग ड्रायव्हर दिसला.

आमचं सिंहासन पाहून तो जवळ आला. “ताई, हे कितीले भेटलं?”

लेकीने किंमत सांगितली आणि वर कायदाही. 2019 च्या दुरुस्तीतलं कलम 194-ब. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा अशा सीटने बांधलेलं नसेल, तर दंड 1000 रुपये. त्याने मागे वळून आपल्या पोट्ट्यांकडे पाहिलं, बोटांवर मोजलं. “म्हंजे माहे सहा हजार झाले जी. थांबा, छतावर एक हाय.”

परतताना ही मागे नातवाशेजारी बसली, स्वतः बेल्ट न लावता. लेक म्हणाली, “4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, ते मागेच बसले होते. बेल्ट नव्हता.” हिने एवढा मोठा माणूस का, असं विचारलं आणि पट्टा ओढला. तो पदरात अडकला. खटका लागेपर्यंत नातवाने टाळ्या वाजवल्या.

मग तो रडू लागला. लेकीने आनंदवनाच्या पुढे एका हॉटेलच्या आवारात गाडी उभी केली. हिने त्याला मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, दोन बिस्किटं चारली आणि स्वतःच्या हाताने परत बांधून ठेवलं. असं आणखी दोनदा झालं.

नागपूरला पोचायला पाऊण तास उशीर झाला.