निंगालोच!

अमरावतीहून मोझरीला यायला तासभर पुरतो. माझ्या भाच्याला चार लागतात. त्यातले तीन तास तो ‘निंगालोच’ असतो.

‘निंगालोच मामाजी’ हे वाक्य तो अंथरुणातून बोलतो, असा माझा बरेच दिवस संशय होता. एकदा फोनवर मागून त्याच्या आईचा आवाज आला, “उठ ना बाप्पा आता!” आणि संशय फिटला. बरं, पोरगा खोटारडा नाही. त्याच्या कोशात ‘निंगालोच’चा अर्थ ‘निघायचा विचार मनात आला आहे’ एवढाच आहे. शब्द तोच, अर्थ तेवढा घसरला.

जन्मभर इंग्रजी शिकवल्यामुळे मला हे दुखणं ओळखीचं वाटलं. त्याची धाकटी बहीण इंग्रजीत एम.ए. करते. ती परवा शेक्सपिअर घेऊन आली. “मामाजी, इथं ‘प्रेझेंटली’ म्हटलं आन् माणूस लगेच धावत गेला. असं काहून?”

म्हटलं, पोरी, तेव्हा प्रेझेंटली म्हणजे ‘या घडीला’ असंच होतं. तिकडे लंडनात मात्र नोकर मालकाला ‘प्रेझेंटली’ म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही. मालकाने किती दिवस फसावं? हळूहळू त्यालाही कळलं, की प्रेझेंटली म्हणजे ‘थोड्या वेळाने’. कोशकारांनी नंतर तेवढंच लिहून घेतलं.

आणि हा एकटाच शब्द नासला असंही नाही. ‘बाय अँड बाय’चंही तेच. 1611 च्या बायबलात हेरोदच्या दरबारात नाचलेली मुलगी योहानाचं शिर ‘बाय अँड बाय’ हवं म्हणते. आजच्या वाचकाला वाटतं, बरी दिसते बिचारी, सवडीने द्या म्हणते. तिला ते तिथल्या तिथे, ताटात हवं होतं! ‘सून’ तर या सगळ्यांच्या आधी बिघडली. मुळात तिचा अर्थ ‘तत्काळ’. सासरी उशिरा पोचलेली इंग्रजांची ही पहिली सून.

पण माझा लाडका शब्द ‘ॲनॉन’. 1597 च्या आसपासच्या ‘हेन्री चौथा, भाग पहिला’ या नाटकात दारूच्या गुत्त्यावर फ्रान्सिस नावाचा पोऱ्या आहे. राजपुत्र त्याला बोलण्यात गुंतवतो, राजपुत्राचा मित्र शेजारच्या खोलीतून हाका मारत राहतो. फ्रान्सिस बिचारा प्रत्येक हाकेला ‘ॲनॉन, ॲनॉन’ ओरडतो आणि पोचत कुठेच नाही. हा प्रवेश मी वर्गात कधी समजावून सांगितला नाही. पोरांना म्हणायचो, हायवेवरच्या कोणत्याही हॉटेलात बसा आणि आलूबोंडा सांगा. “आनलाच काका!” असा आवाज येतो. काका नागपूरच्या एसटीकडे पाहतात, एसटी येते, थांबते, निघून जाते. बोंडा ‘आनलाच’ असतो.

भाची हसली. म्हणाली, “म्हंजे आपली मराठी बरी.”

तिला ‘तूर्त’ विचारलं. हिंदीतल्या ‘तुरंत’चा हा भाऊ, दोघंही संस्कृतातल्या त्वरेच्या घरचे. हिंदीतला भाऊ अजून धावतो. आपला मात्र नोकरीला लागला आणि फायलीवर बसला. ‘तूर्तास हा विषय बाजूला ठेवू.’ ज्याच्या रक्तात घाई, त्याच्याच नावाने आपण कामं पुढे ढकलतो!

मला वाटतं, शब्दांचे अर्थ पंडित बदलत नाहीत. उशिरा येणारी माणसं बदलतात. एकच शब्द शंभरदा खोटा पडला, की तो ज्यात खरा ठरेल असा अर्थ भाषा त्याला काढून देते. ज्यांना कामालाच लावलं नाही, ते शब्द मात्र जसेच्या तसे राहतात. आमच्या गावातच राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता आहे, 41 अध्यायांची. अर्थासाठी कोश उघडावा लागत नाही. त्यातली सफाई, त्यातली श्रमाची प्रतिष्ठा आम्ही इतकी कमी वापरली, की ते शब्द अजून कोरे करकरीत आहेत.

आश्विन वद्य पंचमी आली. तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी. 11 ऑक्टोबर 1968 ला ते गेले. दरवर्षी या तिथीला त्यांच्या इथल्या गुरुकुंज आश्रमात 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. भाचा तीनला येणार होता. तीनला “निंगालोच”, चारला “आलोच”, साडेचारला “हा काय, रस्त्यातच आहो”. मी नाद सोडला आणि समाधीकडे निघालो.

4 वाजून 58 मिनिटं झाली. एवढा अफाट जनसमुदाय, पण जो जिथे होता तिथे उभा राहिला. भगव्या टोप्या, हात जोडलेले. पोरंसुद्धा रडायची थांबली. ‘आत्ता’ या शब्दाचा अर्थ मला त्या क्षणी घड्याळाच्या काट्यावर दिसला, आणि तो कोणी उच्चारलाही नव्हता.

मौन सुटलं. खिशातला फोन काढला, त्याला चार शब्द सुनवावे म्हणून. तर मागूनच आवाज आला.

“कोनाले लावता मामाजी? मी तं कव्हाचा तुमच्या मागंच उभा आहो.”

आयुष्यात पहिल्यांदा तो ‘आलोच’ न म्हणता आला होता. म्हणायची सोयच नव्हती ना!

त्याला म्हटलं, चल घरी, मामी वाट पाहते.

“तुम्ही व्हा पुढं,” तो म्हणाला. “मी आलोच.”