कानातल्या पाहुण्यास खुले पत्र

प्रति,
श्रीमान स्यूडोमोनास एरुजिनोसा,
मुक्काम: कानाचा फाटका पडदा, उंद्री, ता. चिखली, जि. बुलढाणा

सा. न. वि. वि.

मुक्काम चांगलाच लांबला आपला! दोन आठवड्यांहून जास्त कान वाहिला की दुखणं जुनाट धरतात. आमच्याकडं ‘लहानपणापासून फुटतो, मोठा झाला की थांबेल’ एवढ्यावर भागतं. पोराला वर्गात ऐकू येईना, तरी मास्तर त्यालाच ढ म्हणतात. आपलं नाव कुठंच नाही.

पाहुणचारात आम्ही कसूर ठेवली नाही. लसूण घालून कढवलेलं तेल, काडेपेटीची काडी, विहिरीतल्या उड्या. ओल आपल्याला मानवते ना! वर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अमॉक्सिसिलिनच्या चार गोळ्या. पाकिटावरची लाल रेघ आम्हाला नक्षी वाटते. ते औषध आपल्यावर मुळातच चालत नाही. आजूबाजूचे साधे जंतू तेवढे मरतात आणि आपल्याला पंगतीत ऐसपैस जागा होते. सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब जरा झोंबतात खरे, पण दोन दिवसांत पू थांबला की बाटली फळीवर जाते. चिकट थराखाली दडून राहिलेले आपले भाऊबंद तेवढ्यात सावरतात. पुढच्या खेपेला तीच बाटली शेजारच्या पोराच्या कानात.

आपली कीर्तीही मोठी. 1882 मध्ये कार्ल गेसार यांनी निळ्या-हिरव्या पडलेल्या पट्ट्यांमधून आपल्याला वेगळं काढलं. कार्बापेनेम प्रतिजैविकांनाही न जुमानणाऱ्या आपल्या भावकीला जागतिक आरोग्य संघटनेनं औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या 2017 च्या यादीत अव्वल रांगेत बसवलं. 2024 मध्ये एक पायरी खाली उतरवलं. वाईट वाटलं असेल.

आता मुद्द्याचं. थेंब सुरू करण्याआधीच पोराच्या कानातला पू काडीवर घेऊन लॅबमध्ये दिला आहे. तिथं बशीतल्या अगरवर आपल्याला पसरतील, वर औषध भिनवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवतील. रात्रभर उबेत ठेवून सकाळी पट्टीनं मोजतील: कुठल्या चकतीभोवती आपण उगवला नाहीत, कुठं अगदी काठापर्यंत हिरवट पसरलात. आपल्याऐवजी स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा प्रोटियस निघाले, तर त्यांचा हिशेब वेगळा. तोवर डॉक्टर कान पुसून, घाण ओढून कोरडा करतील. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस. मग नेमके थेंब, आणि ते सांगतील तितके दिवस. पडदा भरून आला नाही तर ऑपरेशनही होतं, हे आता आम्हाला कळलं आहे.

आजवर आपण आमच्या अंदाजावर जगलात. त्या आधाराची सवय मोडा.

उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये. ते रिपोर्टात येईलच.

आपला (नाइलाजानं),
पोराचा बाप