जावक क्रमांक 61

रात्री साडेअकराला अनोळखी नंबरावरून फोन आला की चारचौघांच्या पोटात गोळा येतो. माझ्या नाही येत. मला कळतं, नानांचं काहीतरी कुठंतरी सापडलं.

आजवर सापडलेल्या वस्तू: स्वारगेटच्या स्टँडवर एक छत्री, दाताच्या डॉक्टरांकडे थर्मास, मंगल कार्यालयात चपलांची पिशवी (चपलांसकट), आणि एकदा नातवाची कंपासपेटी. प्रत्येकीला पिवळी पट्टी. पट्टीच्या पुढच्या बाजूला नानांचं नाव आणि नंबर. मागच्या बाजूला 'मालक न भेटल्यास' असं लिहून माझा नंबर. मला विचारलं नव्हतं. "शेजारी कशाला असतात हो?" एवढंच उत्तर मिळालं, आणि ते प्रश्नार्थक होतं.

नाना समोरच्या दारातले. चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर. त्यांच्या हातून निघालेलं पाकीट नंबर घेतल्याशिवाय जिना उतरलं नाही. निवृत्तीनंतर आवक म्हणजे दूध आणि पेपर, जावक म्हणजे कचरा. एवढ्यावर रजिस्टर भरत नाही. मग त्यांची नजर प्रवासाच्या बॅगांवर गेली.

तसं हे रक्तातलंच म्हणायचं. नानांच्या घरात चमचासुद्धा बिननावाचा नाही. लग्नातली भांडी भांड्यांच्या दुकानात नेऊन, त्या टर्रर्र करणाऱ्या यंत्राने नाव घालून आणलेली. पेल्यावर आईचं नाव, परातीवर मामाचं, आणि एका पातेल्यावर तर देणाऱ्याचं, घेणारीचं, तारखेचं आणि प्रसंगाचं मिळून एवढं कोरीवकाम की आमटी वाढून घेताना वाचायला पुरतं. त्यात अर्थही होता. आमटी घालून शेजारी गेलेली वाटी नाव असेल तर परत येते, नसेल तर ती शेजाऱ्यांची. आमच्याकडे नानांची एकही वाटी नाही. मी शोधून पाहिलं.

पहिली पट्टी त्यांनी घरच्या इंकजेटवर छापली, वर सेलोटेप मारली आणि ऐन जुलैत कोकणात नेली. रत्नागिरीला बॅग उतरवली तेव्हा पट्टीवर नानांच्या जागी एक निळा ढग होता. दुसरा माणूस हसून विसरला असता. नाना तीन महिने ह्या विषयाचा अभ्यास करत होते.

एका रविवारी मला तो कारखाना पाहायला मिळाला. जेवणाचं टेबल, त्यावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर नाना. छपाई आता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे, लेझर प्रिंटरवर. "इंकजेटची शाई पाण्यात विरघळते. लेझरची भुकटी कागदावर वितळून बसते. हलत नाही," नाना म्हणाले, जणू नवीन भरती झालेल्या कारकुनाबद्दल समाधान व्यक्त करावं तसं. मग लॅमिनेशन. इथे जग चुकतं असं त्यांचं ठाम मत आहे. जग काय करतं, आख्खा कागद लॅमिनेट करतं आणि मग कात्रीने पट्ट्या कापतं. कापलेल्या कडेला कागद उघडा पडतो, तिथून पाणी शिरतं आणि पट्टी पापडासारखी सुटते. नाना आधी कागद कापतात, मग पाऊचमध्ये मांडतात, आणि बाहेरून कापताना चारी बाजूंनी चार मिलिमीटर नुसतं प्लॅस्टिक सोडतात. "शेताला बांध हवा," ते म्हणाले. त्यांच्याकडे शेत नाही.

सगळ्यात नाजूक काम भोकाचं. कागदाला आधीच मोठं भोक पाडायचं. लॅमिनेशन झालं की त्या जागी वरखालचं प्लॅस्टिक एकमेकांना चिकटतं, आणि त्याच्या बरोबर मधोमध दुसरं, लहान भोक. म्हणजे भोकातही बांध. पंच हातात धरून नानांनी श्वास रोखला, काकूंना मिक्सर बंद करायला सांगितलं, आणि मग कट्. भोक अर्धा मिलिमीटर डावीकडे गेलं. ती पट्टी रद्दीत. मला ती सुंदर वाटत होती, पण मी काही त्यातला अधिकारी नाही.

शेवटी कोपरे. टोकदार कोपऱ्यापासून पाऊच उलतो, शिवाय तो बोटाला लागतो. नाना कोपऱ्यावर रुपयाचं नाणं ठेवून पेनाने गोलाई आखतात आणि नेलकटरने ती कुरतडतात. मग चप्पल दुरुस्तीवाल्याकडून भोकाला पितळी आयलेट, आणि बॅगेला बांधायला केबल टाय. टाय ओढताना होणारा करकर आवाज ऐकून त्यांचे डोळे किंचित मिटतात. लॅमिनेटिंगचं यंत्र घरात येण्याआधी हे सगळं इस्त्रीवर चाले, पाऊचवर सुती कापड ठेवून. ते कापड कुणाचं होतं, ह्या विषयावर काकू अजून बोलत नाहीत आणि नानांना बोलू देत नाहीत.

मजकुरावरून मात्र घरात खरी लढाई झाली. नानांच्या मसुद्यात नाव, जन्मतारीख, रक्तगट, संपूर्ण पत्ता, मारुती मंदिरासमोरून आत वळल्यावर तिसरी इमारत, लिफ्ट बंद असल्यास जिना डावीकडे. काकू म्हणाल्या, "अहो, चोराला बोलावणं पाठवताय का? घरी कोणी नाही हे बॅगेवरून कळतंच आहे, आता रस्ताही दाखवा." नाना गप्प झाले, कारण मुद्दा बिनतोड होता. पत्ता गेला. रक्तगट राहिला. बॅगेला रक्त लागलं तर उपयोगी पडेल.

विमानतळाच्या बाबतीत मात्र नानांकडून चार गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. विमान कंपनी बॅगेला जी लांब पट्टी डकवते तिच्यावर दहा आकडी नंबर असतो. त्यातला दुसरा, तिसरा, चौथा आकडा मिळून कंपनी कोणती ते कळतं. एअर इंडियाचा 098. घरी आल्यावर ती पट्टी आणि बारकोडचे बारके चिकटे सगळे काढून टाकायचे, नाहीतर पुढच्या प्रवासात यंत्र जुनाच नंबर वाचून घोळ घालतं. मुंबईचं नाव 1995 मध्ये बदललं तरी पट्टीवर अजून बीओएमच. नाशिकचं आयएसके, पुण्याचं पीएनक्यू. ह्या क्यूवरून त्यांनी मला लिफ्टमध्ये दोनदा अडवलंय. आणि 2017 च्या एप्रिलपासून मुंबई-दिल्लीसह सात विमानतळांवर हातसामानाच्या टॅगवर शिक्का मारणं बंद झालं, हे सांगताना त्यांचा आवाज बसतो. शिक्क्यावर ज्याची हयात गेली त्याला हे घरातलं माणूस गेल्यासारखं.

तर मागच्या वर्षी नाना-काकू एका सहल कंपनीबरोबर ईशान्येला निघाले. बत्तीस माणसं. कंपनीने सगळ्यांना एकसारख्या निळ्या बॅगा भेट दिल्या. म्हणजे गुवाहाटीच्या पट्ट्यावर बत्तीस जुळी भावंडं येणार. ओळखपरेडीच्या बैठकीत लोक लाल रिबिनी बांधू, लोकरीचा गोंडा लावू असं बोलू लागले, तेव्हा नाना उभे राहिले. म्हणाले, रिबिनी सुटतात. आठवड्याभरात त्यांनी बत्तीस जणांना पट्ट्या करून दिल्या, रजिस्टरला नोंद करून, जावक क्रमांक 29 ते 60. फुकट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या.

बत्तीसच्या बत्तीस पट्ट्या पिवळ्या होत्या.

गुवाहाटीच्या हॉटेलमध्ये रात्री बॅग उघडली तर आत कुणाच्या तरी साड्या, गुडघ्याचे पट्टे आणि चार किलो फराळ. नानांनी पट्ट्यावरून आलेली निळी बॅग पिवळी पट्टी पाहून उचलली होती. पट्टीवरचं नाव वाचलं नव्हतं. ज्याने ती बत्तीस वेळा लिहिली, तपासली, सही केली, तो ती कशाला वाचेल? फोनचा चार्जर स्वतःच्या बॅगेत, फोन बंद. ज्या बाईंकडे नानांची बॅग गेली होती त्यांनी पट्टीवरच्या नंबरावर फोन लावला, लागला नाही. मग पट्टी उलटी केली.

पुण्यात माझा फोन वाजला. साडेअकरा.

"अहो, कुणा नानांची बॅग माझ्याकडे आलीये. तुम्हाला ते कुठे असतील ते माहीत आहे का?"

मी त्यांना हॉटेलचं नाव विचारलं. मग त्यांचा खोली नंबर. 205. सहलीचा कागद नाना माझ्या फ्रिजला चिकटवून गेले होते, त्यात खोल्यांची यादी होती. नाना 204 मध्ये. मी म्हटलं, "बाई, भिंत वाजवा."

परत आल्यावर नानांना वाटलं होतं मी हसेन. मी हसलो नाही, कारण त्यांनी बसायच्या आतच पिशवीतून माझ्यासाठी एक नवी पट्टी काढली. कोपरे गोल, भोक बरोबर मधोमध, रंग हिरवा. रंग बदलला, म्हणजे प्रकरणाची दखल घेतली गेली होती. जावक क्रमांक 61. पुढे माझं नाव, मागे 'मालक न भेटल्यास' नानांचा नंबर. मी ती बॅगेला बांधली आणि ती दोन वेळा नागपूरला जाऊन आलीये. एक टवकाही उडालेला नाही.

तेव्हा एक विनंती. बसमध्ये, देवळात, लग्नात, कुठंही गोल कोपऱ्यांची पिवळी पट्टी लावलेली वस्तू सापडली तर कृपा करून पुढच्या बाजूचा नंबर लावा. दोनदा लावा, तीनदा लावा, नाना आंघोळीला गेले असतील. मागचा नंबर माझा आहे आणि मी दहाला झोपतो.